कॅन्टीनमधून साखर उठवली तेव्हा

लग्नात पंगतीला बसले की शेजारची बाई हमखास विचारते, "तुम्ही डाएटवाल्या ना? मग एक सांगा, गूळ चालतो का?"

सत्तावीस वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. आकुर्डीत स्टेशनपासून थोडं अलीकडे, एका औषधाच्या दुकानावर माझी दोन खोल्यांची जागा होती. शिवाय आठवड्यातले दोन दिवस चाकणच्या एका कारखान्यात कामगारांना सल्ला द्यायला जायचे. या सगळ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. वजन कमी करायचंय, साखर सोडायचीय, मग चहा गोड कशानं करायचा? गूळ, मध, खजूर, की त्या पांढऱ्या गोळ्या?

पूर्वी मी याचं उत्तर एका दमात द्यायचे. आता कुणी विचारलं की आधी हातातली वस्तू खाली ठेवते, मग उलट तीन प्रश्न विचारते, आणि समोरचा माणूस कंटाळतो. हे असं का झालं, ते सांगायचंय.

उत्तर तसं अवघड नाही. गूळ म्हणजे साखरच, जरा कमी धुतलेली. मध म्हणजेही साखरच. गुळात लोह असतं हे खरं, पण लोहासाठी म्हणून गूळ खायचा ठरवला तर इतका खावा लागेल, की डाएटचं नावच काढायला नको. एकदा रक्तात उतरल्यावर शरीर विचारत बसत नाही, की बाबा तू चरकातून आलास की पोळ्यातून. कृत्रिम गोळीचं तसं नाही. ती जिभेला गोड लागते, रक्तातली साखर वाढवत नाही, आणि सांगितलेल्या मर्यादेत घेतली तर बहुतेकांना चालते. पण नुसत्या गोळीनं वजनही उतरत नाही. चहातली साखर वाचवली या आनंदात माणूस दोन बिस्किटं जास्त खातो. तिसरा प्रकार स्टेव्हियाचा. ती झाडाच्या पानातून काढतात, म्हणून डब्यावर हिरवंगार पान असतं. डब्यात मात्र त्या पानाचा अंश चिमूटभर आणि बाकी भर दुसऱ्याच कशाची तरी असते. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीतली मुलगी असला डबा घेऊन माझ्याकडे आली होती. चार दिवस पोट बिघडलेलं. म्हणाली, "नॅचरल लिहिलंय ना मॅम, म्हणून मी मोठा चमचा घेत होते." थेरगावच्या एका गृहस्थांनी तर शेवयांची खीर गोळ्या घालून तासभर आटवली. खीर कडू झाली आणि त्यांनी दोष दिला दुधाला.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण बसल्या जागी आठवतात ते बबनराव, आणि मग मी बसल्या जागेवरून उठतेच.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग बनायचे. पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचे टनावारी वजनाचे. ते उचलून इकडून तिकडे न्यायला छताखाली रुळांवर क्रेन धावायची, आणि तिच्या केबिनमध्ये बबनराव बसायचे. वय अठ्ठेचाळीस, गाव चाकणच्या पलीकडे, उंचेपुरे, आवाज असा की क्रेनवरून हाक मारली तर खाली हॉर्नची गरज नसे. वजन शंभराच्या पुढे आणि चार वर्षांपासून मधुमेह. वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, की सहा महिन्यांत वजन आणि साखर दोन्ही आटोक्यात आणा, नाहीतर क्रेनवरून खाली उतरावं लागेल.

ते माझ्यासमोर पहिल्यांदा बसले तेच मुळी भांडायच्या तयारीनं.

"मॅडम, साखर मी कवाच सोडलीया. गुळाचा चहा पितो. आमच्या घरचा गूळ हाय, औषध न्हाई मारलेलं."

"दिवसाला किती चहा होतात?"

"आठ. येखाद्या वेळंला नऊ."

"मग बबनराव, तुम्ही साखर सोडलेली नाही. तिचा रंग बदललाय फक्त."

ते दुखावले. मला तेव्हा तसं बोलायला आवडायचं, हे आज कबूल करते. मी त्यांना टेबलावर मांडून दाखवलं: आठ चहांचा गूळ, रोजचा, एका वाटीत. त्यांनी वाटी माझ्याकडे परत सरकवली.

"आन् त्या गोळ्या? त्यानं क्यान्सर व्हतो म्हंत्यात. मोबाईलवर आलं व्हतं."

"रोज डबाच्या डबा खाल्लात तर मला विचारायला या. चहाला एक गोळी टाका आणि चहा तीनवर आणा."

"क्रेनवर ठिवतील का मला?"

"माझं ऐकलंत तर ठेवतील."

असं सांगायचा मला काहीही अधिकार नव्हता. तरी मी सांगितलं.

त्याच सुमारास कंपनीच्या एचआरच्या साहेबांना कामगारांच्या आरोग्यासाठी काहीतरी मोठं करायचं होतं. त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हटलं, कॅन्टीनमधून साखर उठवू. चहा बिनसाखरेचा करू, काउंटरवर गोळ्यांच्या डब्या ठेवू. शिरा बंद, जिलबी बंद, सरबत बंद. साहेबांना कल्पना एवढी आवडली, की दोन दिवसांत फलक तयार.

कॅन्टीन बघायचे नसीरभाई. लातूरकडचे, साठीला आलेले. पाचशे माणसांचं जेवण त्यांनी वेळेवर वाढलं नाही असा दिवस कुणाला आठवत नव्हता. फलक लागला त्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक वाटी साखर कोपऱ्यात राहू द्या की. कुणाला लागली बिगली तर."

"एक वाटी ठेवली की सगळे तीच घेतील, नसीरभाई."

"घेऊ द्या की. मोठी माणसं हायत ती."

"नाही. ठेवायचीच नाही. किचनमध्येसुद्धा नको."

ते एवढंच म्हणाले, "तुमची मर्जी," आणि दुसऱ्या दिवशी साखरेचं पोतं खरंच परत गेलं. त्यांना सांगितलेलं काम ते पूर्ण करत.

पंधरा दिवस कुरकुर झाली, मग लोक सरावले. बबनराव तर सगळ्यांच्या पुढे. भात सोडला, भाकरी तीनवरून एकवर आणली, गुळाचा चहा बंद, गोळीचा सुरू. चार महिन्यांत अकरा किलो उतरले. मी त्यांचा आधीचा आणि आताचा फोटो फलकावर लावायला लावला. येणारे-जाणारे बघायचे आणि बबनराव पट्टा दोन भोकं आत ओढून दाखवायचे. मला इतका आनंद झाला होता, की घरी सांगितलं, माहेरी सांगितलं, एका परिषदेत स्लाइड दाखवून सांगितलं.

या सगळ्यात मी एक गोष्ट विचारली नाही.

मधुमेहाच्या काही गोळ्या रक्तातली साखर खाली ओढतात. माणसाचं खाणं निम्मं झालं आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर नको इतकी खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो, आणि वेळेवर गोड मिळालं नाही तर शुद्ध हरपते. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. म्हणून खाणं कमी करायला लावलं की डॉक्टरांकडून औषध तपासून घ्यायचं असतं. माझ्या तक्त्यात औषधांचा रकाना होता. पहिल्या भेटीत मी तो नीट भरला. पुढच्या प्रत्येक भेटीत तिथं लिहिलं: 'तेच'. वजनाचा आकडा बघायची इतकी घाई असायची, की त्या रकान्यावरून पेन नुसतं घसरत जायचं.

तो मंगळवार होता. चारच्या चहाची वेळ. कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर प्रज्ञा एका कामगाराच्या बोटाला लागलं म्हणून त्याला गाडीतून हॉस्पिटलला घेऊन गेल्या होत्या. दवाखान्याला कुलूप. मी कॅन्टीनमध्ये भाज्यांचा तक्ता बदलत होते. इतक्यात बबनराव आत आले आणि उगाचच कुणावर तरी ओरडायला लागले. "माझी खुर्ची कुणी हलीवली?" त्यांची अशी खुर्ची कुठलीच नव्हती. अंगातला शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. बाकावर बसताना ते अर्धे घसरले. दोघांनी धरलं.

मी धावले. हात गार, बोटं थरथरताहेत. मला लगेच कळलं, आणि कळलं याचा अभिमानही वाटला. मी ओरडले, "साखर उतरलीय त्यांची. गोड चहा आणा, चांगला गोड!"

काउंटरवरच्या माणसानं चहा आणला. बबनराव गिळू शकत होते. मी घोट-घोट पाजला. फरक पडेना. "अजून एक आणा, अजून गोड करून." दुसरा कप आला. तो निम्मा पाजला. त्यांचे डोळे माझ्यावर ठरत नव्हते. मला "आक्का" म्हणाले. मी कोण, हे त्यांना कळत नव्हतं.

नसीरभाई मागं उभे होते. माझ्या हातातला कप त्यांनी घेतला, एक घोट चाखला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, यात साखर कुठंय?"

त्या क्षणाबद्दल मी बऱ्याच जणांशी बोलले आहे, पण नीट कधी सांगता आलं नाही. त्या दोन कपांत मिळून आठ गोळ्या होत्या. चहा जिभेला पाकासारखा गोड होता आणि बबनरावांच्या रक्ताला त्याचा काहीही उपयोग नव्हता. गोळी रक्तातली साखर वाढवत नाही. हे वाक्य मी त्या कारखान्यात शेकडो माणसांना शिकवलं होतं.

"किचनमध्ये बघा!"

"किचनमधी न्हाई. तुमीच..." ते थांबले.

"केळी? काहीही? कुणाच्या डब्यात?"

डबे दुपारीच रिकामे झाले होते. गेटबाहेरची चहाची टपरी चालत दहा मिनिटांवर. एक जण पळाला तिकडं. मी बबनरावांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात नसीरभाई म्हणाले, "वर हाय," आणि पळत सुटले. साठीचा माणूस, पायात कॅन्टीनच्या रबरी चपला.

वर म्हणजे ऑफिसचा मजला. साहेब लोकांची पॅन्ट्री तिथं होती. तिथल्या चहाला माझा नियम कुणी लावलाच नव्हता. मीही नाही. वरती बैठकीला गेले की मी स्वतः तो चहा पीत होते, साखर घातलेला, आणि माझ्या मनात कधी काही आलं नव्हतं.

नसीरभाई परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही मुठींत साखरेच्या चौकोनी वड्या होत्या. घामानं बोटांना चिकटलेल्या. आम्ही त्या कोमट पाण्यात विरघळवल्या आणि चमच्या-चमच्यानं पाजल्या. मी घड्याळाकडे बघत होते आणि काटा जागचा हलत नव्हता. किती वेळानं कोण जाणे, बबनरावांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मॅडम? मला हितं का निजीवलंय?"

आजूबाजूचे सगळे एकदम बोलायला लागले. नसीरभाई मात्र बाकावर बसले आणि हात धुवायला उठलेच नाहीत.

मधुमेहाच्या या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, म्हणून बबनरावांना पोळी खायला घालून हॉस्पिटलला हलवलं. दोन दिवस ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी औषध निम्मं केलं. चार महिन्यांपूर्वी एका फोनवर झालं असतं, असं काम. सिस्टर प्रज्ञा मला दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "मॅडम, औषधाचं कुणी बघितलं नव्हतं का?" त्यांनी टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. मी "नाही" म्हटलं.

मग शॉपच्या, म्हणजे क्रेन चालायची त्या विभागाच्या, सुपरवायझरनं सांगितलं, की त्या दिवशी चहाच्या आधी पाव तास बबनरावांनी मोठा साचा या टोकापासून त्या टोकाला नेला होता. लोंबकळत्या साच्याखाली कुणी उभं राहायचं नाही असा नियम आहे. नियम असतो. मी त्या शॉपमधून कितीदा गेले आहे, मला माहीत आहे लोक कसे चालतात ते. त्यानंतर कित्येक आठवडे मी एका जागी दहा मिनिटं बसू शकत नव्हते. पेशंट समोर बोलत असायचा आणि मी उठून खिडकीशी जायचे.

बबनरावांच्या पत्नी मंगलताई माझ्या आकुर्डीच्या क्लिनिकमध्ये आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"तुमी सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. भात मागत न्हवते. नातवाच्या बारशाला पेढा तोंडात घेतला न्हाई. मॅडमनी न्हाई म्हटलंय म्हनायचे. आन् तुमाला येक गोळी इचारता आली न्हाई?"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलं म्हनून मी काय करू त्याला?"

त्या निघून गेल्या. टेबलावर त्यांनी मी बबनरावांना दिलेला आहाराचा तक्ता ठेवला होता, चार घड्या घातलेला, तेलाचे डाग पडलेला. स्वयंपाकघरात रोज वापरल्याशिवाय कागद असा होत नाही.

कंपनीनं अहवाल मागितला. मी तीन पानं लिहिली. औषधाची चौकशी केली नाही, ही चूक माझी. साखर पूर्ण बंद करण्याचा सल्ला माझा, कॅन्टीन व्यवस्थापकांनी एक वाटी ठेवू द्या म्हटलं असताना मी नकार दिला. आणि शेवटी एक वाक्य लिहिलं, की हा नियम फक्त कामगारांना लावला होता, ऑफिसच्या मजल्यावर साखर तशीच चालू होती, आणि म्हणूनच माणूस वाचला.

एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. बोलायला फार सौम्य माणूस. म्हणाले, "मॅडम, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, कौतुक आहे. फक्त हे शेवटचं वाक्य. गरज आहे का त्याची? युनियनच्या हातात पडलं तर उगाच वेगळा रंग चढेल. साखर आपण उद्यापासून ठेवतोच आहोत."

मी विचार केला. खरं सांगायचं तर फारसा केला नाही. स्वतःची चूक लिहिण्यात मी एवढी शक्ती घालवली होती, की दुसऱ्यांचं लिहायला अंगात बळ उरलं नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. वाक्य काढलं. सही केली.

दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनच्या काउंटरवर गोळ्यांच्या शेजारी साखरेचं भांडं आलं. लोक हवं ते घेऊ लागले. गंमत अशी, की निम्म्याहून जास्त लोकांची आवड बदलली होती. ते गोळीच घेत राहिले, किंवा काहीच न घालता पीत राहिले. नसीरभाईंचं बरोबर होतं. मोठी माणसं होती ती.

बबनरावांना मात्र क्रेन परत मिळाली नाही. डॉक्टरांनी सही करायला नकार दिला, आणि डॉक्टरांचं चूक म्हणता येणार नाही. ते स्टोअरमध्ये गेले, जमिनीवर, नट-बोल्टच्या खोक्यांच्या रांगेत. मी दिसले की हात वर करायचे. रागावलेले कधी दिसले नाहीत, आणि तेच मला सोसायचं नाही. मी वाट बदलून जाऊ लागले, आणि वर्षभरात कारखान्याचं काम सोडलं.

गेल्या वर्षी क्लिनिकही बंद केलं. सामान बांधत होते त्या आठवड्यात बबनराव आले. आकुर्डीच्या कॉलेजात धाकट्या मुलीची फी भरायला आले होते, खाली पाटी दिसली म्हणून वर आले. केस पांढरे झाले होते, वजन बेताचं. मी चहा केला आणि विचारलं, "काय घालू?"

"कायबी नको. आता नुसताच ग्वाड लागतो."

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. नसीरभाई गावी परतले होते. मग माझ्यानं राहवेना. मी त्यांना त्या वाक्याबद्दल सांगितलं. काय लिहिलं होतं, कुणी काढायला सांगितलं, मी कसं काढलं. सांगताना मी खोकी उचलून इकडून तिकडे ठेवत होते.

"ती साखर कुठली व्हती, ते मला नसीरभाईनं तवाच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "समद्या शॉपला ठावं हाय. तुमच्या कागदातच तेवढं न्हाई."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तुमी वाट बदलून जायचा."

मी खाली बसले.

"क्रेनची आठवण येते का हो?" मी विचारलं.

"येती की. वरनं समदं शॉप दिसायचं. कोन काम करतंय, कोन टंगळमंगळ करतंय. आता खोकी दिसत्यात." त्यांनी कप संपवला आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "मॅडम, ते वाक्य आता लिवा की. आता कोन हाय तुमाला काढा म्हनणारं?"

ते जिना उतरून गेले. या अंकासाठी काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी आधी गूळ आणि गोळ्यांवर सोपा, उपयोगी लेख लिहायला घेतला होता. दोनदा सुरू केला, दोनदा फाडला. त्याऐवजी हे लिहिलं.

त्या कारखान्यात कामगारांच्या कॅन्टीनमध्ये मी साखर ठेवू दिली नव्हती. साहेबांच्या मजल्यावर ती होती, आणि मी तिथं बसून ती खात होते.